वाद्याचं नाव आणि नावांचं वाद्य

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत फक्त एका टिंबाचा फरक. बारशाला एकदा नाव ठेवायचं आणि मग जन्मभर नावं ठेवायची, हा आपला आवडता उद्योग! माणसांचं सोडा, आपण गाईबैलांना नाव देतो, घराला देतो, होडीला देतो. पण घरातल्या पेटीला किंवा तबल्याला कुणी 'गोदावरी' किंवा 'बाळू' अशी हाक मारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. परदेशात मात्र हा प्रकार सर्रास चालतो. असं का असावं, याचा विचार करत गेलो आणि तो विचार मला थेट आपल्या चांद्याच्या जंगलात घेऊन गेला. (आता चंद्रपूर म्हणायचं, पण जुन्या लोकांच्या तोंडून अजून चांदाच येतं.)

आधी परदेशातली उदाहरणं. बी. बी. किंग हा अमेरिकेतला ब्लूज गाणारा मोठा कलावंत. १९४९ च्या हिवाळ्यात तो आर्कान्सासमधल्या ट्विस्ट नावाच्या लहानशा गावात वाजवत होता. थंडी घालवायला नाचाच्या जागेच्या मधोमध रॉकेलचं पिंप पेटवून ठेवलेलं. दोन माणसं भांडायला लागली, पिंप कलंडलं आणि सगळीकडे आग लागली. किंग बाहेर पळाला. मग लक्षात आलं की गिटार आतच राहिली, म्हणून तो परत आगीत शिरला आणि गिटार घेऊन कसाबसा बाहेर आला. दुसऱ्या दिवशी कळलं की ते भांडण तिथे काम करणाऱ्या ल्यूसिल नावाच्या बाईवरून झालं होतं. असला वेडेपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण म्हणून त्याने गिटारचं नाव ठेवलं ल्यूसिल. गंमत म्हणजे गिटारी बदलत गेल्या, पण प्रत्येक नवी गिटार ल्यूसिलच. २०१५ मध्ये किंग गेला तोवर हे नाव चाललं. म्हणजे नाव लाकडाचं नव्हतंच, एका रात्रीच्या आठवणीचं होतं.

दुसरा प्रकार स्ट्रॅडिव्हरीच्या व्हायोलिनांचा. या इटालियन कारागिराची व्हायोलिनं त्यांच्या नावांनीच ओळखली जातात आणि पुष्कळदा हे नाव एखाद्या जुन्या मालकाचं असतं. १७२१ सालचं 'लेडी ब्लंट' हे कवी बायरनची नात अ‍ॅन ब्लंट हिच्या नावाचं. २०११ मध्ये ते लिलावात सुमारे १ कोटी ५९ लाख डॉलरला गेलं आणि तो पैसा जपानच्या भूकंपग्रस्तांना दिला. इथलं नाव हे सात-बाराच्या उताऱ्यासारखं, वाद्य कुणाकुणाच्या हातातून गेलं ते सांगणारं.

आपल्याकडे हे अगदीच नव्हतं असंही नाही. गीतेचा पहिला अध्याय आठवा. कृष्णाचा पांचजन्य, अर्जुनाचा देवदत्त, भीमाचा पौंड्र, युधिष्ठिराचा अनंतविजय, नकुलाचा सुघोष आणि सहदेवाचा मणिपुष्पक. पाच भाऊ आणि त्यांचा सारथी, सहाही शंखांना नावं! आता नीट पाहा. कौरवांकडून पहिला शंख भीष्म फुंकतात, मागोमाग नगारे आणि शिंगं वाजतात, पण त्यातल्या एकालाही नाव नाही. वाद्याला नाव देणं हा कथा सांगणाऱ्याचा बाजू घेण्याचा प्रकार आहे, असं मला तरी वाटतं. तशीच नारदाची वीणा महती, सरस्वतीची कच्छपी आणि तुंबरूची कलावती. माघ कवीच्या 'शिशुपालवधा'त आकाशातून उतरणारा नारद आपल्या महतीकडे पुन्हा पुन्हा पाहताना दाखवला आहे.

पण ही झाली देवांची आणि वीरांची वाद्यं. साध्या माणसाच्या वाद्याचं काय? तिथे आपली रीत वेगळी. खंडेनवमीला वाद्यांची पूजा होते, चुकून पाय लागला तर आपण लगेच नमस्कार करतो. आणि नामसप्ताहातली वीणा तर सगळ्यांनी पाहिलेली. सात दिवस, सात रात्री ती खाली ठेवायची नाही. पहारा बदलताना एक वीणेकरी दुसऱ्याच्या पाया पडतो आणि वीणा गळ्यात देतो. त्या वीणेला स्वतःचं नाव नाही, कारण ती कुणा एकाची नाही. ज्याच्या गळ्यात आहे तो त्या वेळेपुरता तिचा सेवेकरी. नाव ठेवायला आधी मालक लागतो!

आता चांद्याकडे वळू. वीणेतला हा भाव तिथे फार पुढे गेलेला दिसतो.

चंद्रपूर, गडचिरोली आणि शेजारचा आदिलाबाद हा राजगोंडांचा जुना मुलूख. (राजुरा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे आज मध्ये राज्याची हद्द असली तरी माणसं तीच.) या गोंडांचे पिढीजात गायक म्हणजे परधान आणि त्यांचं वाद्य किंगरी. घोड्याच्या केसांच्या तारा, गजाने वाजवायचं, दिसायला सारंगीचं गरीब भावंडं. मध्य प्रदेशात मंडल्याकडे याच घराण्यातल्या वाद्याला बाना म्हणतात.

बाना कसा आला याची कथा मंडल्याकडे अशी सांगतात. सात भाऊ होते. त्यांना बडादेव दिसला, पण त्यांनी त्याला ओळखलं नाही आणि तो ऐनाच्या झाडात शिरून दिसेनासा झाला. (हिंदीत या झाडाला साजा म्हणतात.) मोठे भाऊ हवालदिल झाले. तेव्हा धाकट्याने बाना तयार केला, झाडाखाली बसून वाजवला आणि देवाची स्तुती गायली. देव प्रसन्न होऊन परत आला. तेव्हापासून मोठ्या सहा भावांनी शेती करायची आणि धाकट्याने वाजवून देवाला जागं ठेवायचं, असं ठरलं. मोठे ते गोंड, धाकटा तो परधान. आणि बाना म्हणजे प्रत्यक्ष बडादेवाची बसायची जागा. आता सांगा, ज्यात देव बसतो त्याला वाजवणारा आपल्या पसंतीचं नाव कसं ठेवणार?

दुसरी कथा आपल्याच महाराष्ट्रातली, गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडची. माघ पौर्णिमेला तिथे गोंडांची मोठी यात्रा भरते. कली कंकालीची मुलं तिथल्या गुहेत कोंडलेली होती आणि तोंडावर प्रचंड शिळा. हीरासुका पाटालीर नावाच्या गायकाने बाहेर किंगरी वाजवली. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी शिळा ढकलली, मुलं सुटली, पण शिळेखाली हीरासुका चिरडला गेला. नागपूरचे मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी गोंडी धर्मकथांवर जन्मभर काम केलं, त्यांच्या लेखनातूनही ही कथा पुष्कळांपर्यंत पोचली. यात किंगरीला वेगळं नाव नाही. लोकांनी लक्षात ठेवलं ते वाजवणाऱ्याचं.

परधानाचं खरं काम म्हणजे नावं घेणं. गोंडांमध्ये चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे विभाग असतात आणि एकाच विभागात सोयरीक होत नाही. प्रत्येक विभागात अनेक कुळं. आत्राम, मडावी, गेडाम, सिडाम, कुमरे ही आडनावं चंद्रपूरच्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावर सापडतील. कुठल्या कुळाचा पेन (म्हणजे देव) कोणता, तो कुठून कुठे आला, पूर्वज कोण, हे सगळं परधानाला पाठ. पेनाच्या पूजेला, लग्नाला, मयताला तो किंगरी घेऊन येणार आणि गाणार. बदल्यात धान्य, कपडा, जनावर मिळणार. हैमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहिले. त्यांनी नोंदवलंय की तिथल्या परधानांची घरची भाषा मराठी, पण ही पुराणं ते गोंडीत गात. मराठी बोलणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या पूर्वजांची नावं दुसऱ्याच्या भाषेत जपून ठेवायची! मला ही गोष्ट वाचून फार आश्चर्य वाटलं.

ल्यूसिलमध्ये एक नाव होतं, किंगरीत शेकडो. फरक एवढाच की ती नावं वाद्यावर कोरलेली नाहीत, वाजवणाऱ्याच्या डोक्यात आहेत. तो गेला की गेली.

काही नावं कागदावर आली. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाकडून लिंगोचं गाणं लिहून घेतलं. त्यात लिंगो भोपळ्याचं वाद्य करतो आणि त्याच्या तालावर राक्षसालाही नाचवतो. १८६३ मध्ये हिस्लॉप नदीत बुडून गेले, १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद छापले. ग्रंथावर नाव हिस्लॉपचं आणि संपादक म्हणून टेंपलचं. ज्याने ते सगळं तोंडपाठ ठेवलं, त्याची ओळख मात्र जगाला 'एक परधान' एवढीच राहिली. दुसऱ्यांची नावं सांभाळणाऱ्याच्या वाट्याला हे यावं!

असो. यात केवळ हळहळत बसणं बरोबर नाही. परधानाचं जगणं मागून खाण्याचं होतं. ज्याच्या वाद्यात देव बसतो त्याच्या हातचं पाणी मात्र गोंड यजमानाला चालत नसे. त्यामुळे परधानांची पोरं शिकली, शिक्षक झाली, नोकरीला लागली आणि त्यांनी किंगरी खुंटीला टांगली, तर त्यांना दोष कोण देणार? मंडल्याकडच्या पाटणगढच्या परधानांनी वेगळी वाट काढली. १९८० च्या दशकात जनगढसिंह श्याम हा तिथला तरुण भोपाळला गेला आणि बान्यावर गायले जाणारे देव त्याने कागदावर रंगवले. २००१ मध्ये जपानमध्ये त्याचा दुर्दैवी अंत झाला, पण त्याच्या मागून पाटणगढचे कितीतरी चित्रकार पुढे आले. तिथे देवांना बसायला दुसरी जागा मिळाली.

पण चित्रात देव रंगवता येतो, चार पिढ्यांची वंशावळ नाही. ती म्हणावीच लागते. आणि म्हणणारा माणूस आज म्हातारा आहे.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाचकांना आणि आमच्या नातेवाईक मंडळींना एक विनंती. तुमच्या गावात कुणा परधानाच्या घरी जुनी किंगरी असेल, तर तिचा फोटो काढून थांबू नका. घरातल्या म्हाताऱ्यांजवळ बसा, ही किंगरी कुणाकुणाच्या दारात वाजत असे ते विचारा, कुळांची आणि पेनांची नावं उतरवून घ्या. आणि ती वहीवर लिहिताना सांगणाऱ्याचं पूर्ण नाव, त्याला चालत असेल तर, सगळ्यात वर लिहा.