गरम गाडीचा सेल्फ जड फिरणे

गरम गाडीचा सेल्फ जड फिरणे : मोटारगाडीच्या स्टार्टिंग यंत्रणेतील एक दोष. सकाळी थंड असताना गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. पण चालवून थांबवल्यावर, इंजिन तापलेले असताना, स्टार्टर मोटर म्हणजेच सेल्फ अडखळत, मंद गतीने इंजिन फिरवतो. गाडी निवली की दोष आपोआप नाहीसा होतो. गॅरेजमध्ये नंबर लागेपर्यंत ती निवलेली असते, तपासणीत काही सापडत नाही आणि अंदाजाने नवी बॅटरी बसवली जाते. म्हणून गाडी गरम असताना, सेल्फ जड फिरत असतानाच मोजमाप घेणे हा या निदानाचा पहिला नियम आहे.

प्रादेशिक संदर्भ : अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हा पूर्णा खोऱ्यातील सखल भाग घाटाखाली येतो. तेथे एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. बुलढाणा शहर सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. मलकापूरकडून मोताळामार्गे येणारी गाडी राजूर घाट चढते, तर खामगावकडून येणारी बोथा घाट. भरल्या गाडीने खालच्या गिअरमध्ये घाट चढताना इंजिनावर ताण जास्त आणि समोरून मिळणारी हवा कमी असते. घाट चढून चहासाठी थांबलेली गाडी पुन्हा सुरू करताना हा दोष ठळकपणे जाणवतो.

कारणमीमांसा : इंजिन बंद होताच त्यातील पाण्याचे अभिसरण थांबते आणि वाऱ्याचा झोतही थांबतो. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळ बसवलेला सेल्फ त्यामुळे पुढची दहा-पंधरा मिनिटे थंड होण्याऐवजी आणखी तापत जातो. तांब्याचा विद्युत रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. सेल्फ ३० अंशांवरून ११० अंशांवर गेला तर त्याच्या वेटोळ्यांचा रोध सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. निरोगी यंत्रणा एवढा फरक पचवते. मात्र घासलेले बुश, झिजलेले कार्बन, सोलेनॉइडचे जळालेले संपर्कबिंदू, गंजलेले टर्मिनल किंवा सैल अर्थिंग यांपैकी काही आधीच असेल, तर उष्णतेची भर पडताच सेल्फचा जोर अपुरा पडतो.

बॅटरीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. शिसे-आम्ल बॅटरी थंडीत कमी आणि उष्णतेत जास्त प्रवाह देते, शिवाय थंड इंजिनातील तेल दाट असते. नुसती बॅटरी कमजोर असेल तर त्रास आधी थंडीतल्या सकाळी दिसायला हवा. गाडी सकाळी ठणठणीत आणि दुपारी जड असेल, तर संशय प्रथम सेल्फ, केबल आणि सांध्यांवर घ्यावा. तरीही विदर्भाच्या उन्हाळ्यात बॅटरीच्या प्लेटा लवकर गंजतात आणि पाणी लवकर आटते, म्हणून तिची तपासणी टाळू नये.

लक्षणांतील फरक : सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा दोष वेगळा, त्याचे मूळ इंधनात, इग्निशनमध्ये किंवा क्रँक सेन्सरमध्ये शोधावे. नुसता ‘टक’ आवाज येऊन सेल्फ फिरतच नसेल, तर सोलेनॉइड आणि त्याला येणारी सिग्नलची वायर आधी पाहावी.

तपासणीचा क्रम : गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंधनपुरवठा तोडावा. नुकत्याच चाललेल्या गाडीच्या बॅटरीचा व्होल्टेज फसवा, जास्तीचा दिसतो. दोन मिनिटे हेडलाइट लावून बंद करावेत आणि मग मोजावे. पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये.

त्यानंतर व्होल्टेजची घट मोजावी. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या धन खांबावर, दुसरी सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारावा, घट ०.५ व्होल्टपेक्षा जास्त नसावी. ऋण खांब आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये ती ०.२ व्होल्टच्या आत असावी. पिन क्लॅम्पवर न टेकवता शिशाच्या खांबावरच टेकवावी, नाहीतर क्लॅम्पखालचा गंज मोजमापातून सुटतो. सेल्फ १५० अँपिअर घेत असताना एका सांध्यात ओहमचा शंभरावा भाग एवढा रोध असला, तरी तेथे १.५ व्होल्ट खर्ची पडतात. असा सांधा दोन-तीनदा सेल्फ मारताच हाताला गरम लागतो.

शेवटी क्लॅम्प मीटरने प्रवाह पाहावा. प्रवाह नेहमीपेक्षा कमी आणि बॅटरीचा व्होल्टेज चांगला असेल, तर रोध केबलमध्ये, सांध्यात, सोलेनॉइडमध्ये किंवा कार्बनमध्ये आहे. प्रवाह खूप जास्त असेल, तर बुश झिजून आर्मेचर घासत असेल, वेटोळे शॉर्ट झाले असेल किंवा इंजिनच जाम असेल. प्रवाह बेताचा असूनही व्होल्टेज कोसळत असेल, तर दोष बॅटरीचा. इंजिनाची शंका क्रँक पुलीवर पाना लावून ते हाताने फिरवल्यास मिटते. डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांत टायमिंग फार पुढे असले तरी गरम इंजिन सेल्फला उलट धक्का देते. इग्निशन तोडल्यावर सेल्फ मोकळा फिरला, तर टायमिंग तपासावे.

उपाय व निगा : दुरुस्ती स्वस्तापासून महागाकडे करावी. टर्मिनल घासून, आवळून, त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी. इंजिन ते चेसिस अर्थिंगची पट्टी साफ करावी किंवा बदलावी. मग सेल्फ उघडून बुश, कार्बन आणि सोलेनॉइड पाहावे. मॅनिफोल्डजवळची उष्णतारोधक पत्र्याची ढाल निघाली असल्यास पुन्हा बसवावी. बॅटरी किंवा अख्खा सेल्फ मोजमापाने दोषी ठरल्यावरच बदलावा. बेताच्या मिळकतीवर गाडी चालवणाऱ्याला विनाकारण घेतलेली बॅटरी फार महाग पडते.

वाटेत अडचण आल्यास सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावा. तापलेल्या सेल्फवर पाणी ओतू नये. घाटात गाडी थांबली असेल तर हँडब्रेकवर विसंबू नये, चाकाला दगड लावावा. बॉनेट उघडून वीस-तीस मिनिटे थांबल्यास गाडी बहुधा सुरू होते. पण तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी, कारण सैल सांधा प्रत्येक सेल्फगणिक जास्त जळत जातो.