अमेरिकेत प्राप्तिकर ऐच्छिक आहे का?

अमेरिकेत प्राप्तिकर भरणे ऐच्छिक आहे, असा दावा तेथील काही गट गेली अनेक दशके करीत आले आहेत. त्यावर विसंबणाऱ्यांच्या वाट्याला मात्र दंड आणि तुरुंगवासच आला आहे. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक होणाऱ्या मराठी कुटुंबांनीही केंद्राचा कायदा आणि राज्यांचे कायदे यांतील फरक जाणून घेणे हिताचे आहे.

गैरसमजाचे मूळ

१९६० मध्ये फ्लोरा खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकी करपद्धती जप्तीवर नव्हे, तर स्वेच्छेने केलेल्या आकारणीवर व भरण्यावर आधारलेली असल्याचे म्हटले होते. याचा अर्थ इतकाच, की करदाता आपला कर स्वतः मोजून विवरणपत्र सादर करतो. विशेष म्हणजे, करदात्याने आधी संपूर्ण कर भरावा व नंतरच परताव्यासाठी दावा लावावा, असा निर्णय याच खटल्यात देण्यात आला.

१९१३ मध्ये संमत झालेल्या सोळाव्या घटनादुरुस्तीने केंद्राला प्राप्तिकर आकारण्याचा अधिकार दिला. विवरणपत्र हेतुपुरस्सर न भरल्यास एक वर्षापर्यंत, तर करचुकवेगिरीबद्दल पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. निराधार युक्तिवाद करून विवरणपत्र सादर केल्यास पाच हजार डॉलर दंड आहे. अभिनेते वेस्ली स्नाइप्स यांना विवरणपत्रे न भरल्याबद्दल २००८ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली होती.

राज्यागणिक वेगळे नियम

राज्यांचा प्राप्तिकर केंद्राच्या कराहून स्वतंत्र असतो. टेक्सास, फ्लोरिडा, नेवाडा, टेनेसी, अलास्का, साउथ डकोटा आणि वायोमिंग या राज्यांत पगारावर राज्याचा कर नाही. टेक्सासने तर २०१९ मध्ये राज्यघटनेतच वैयक्तिक प्राप्तिकराला मनाई केली. पेनसिल्व्हेनियात सर्वांना ३.०७ टक्के असा एकच दर आहे. कॅलिफोर्नियात उत्पन्नाबरोबर दर चढत जातो आणि सर्वोच्च टप्प्यात १३.३ टक्क्यांवर पोहोचतो. अर्थात, जेथे राज्याचा प्राप्तिकर नाही, तेथेही केंद्राचा कर चुकत नाही. शिवाय मालमत्ता कर किंवा विक्रीकर यांचा भार पडतोच.

न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणाऱ्यास दोन्ही राज्यांत विवरणपत्र भरावे लागते. न्यूयॉर्कला दिलेल्या कराची वजावट न्यू जर्सीच्या करातून मिळते. त्यासाठी ती विवरणपत्रात मागावी लागते.

भारत-अमेरिका दुहेरी करनिवारण करार केंद्राच्या प्राप्तिकराला लागू आहे. कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये त्यातील सवलती मानत नाहीत. त्यामुळे केंद्राच्या विवरणपत्रात करमुक्त दाखवलेले उत्पन्न राज्याच्या विवरणपत्रात करपात्र ठरू शकते.

थोडक्यात, अमेरिकेत कर स्वतः मोजण्याची मुभा आहे, तो न भरण्याची नाही. राज्य बदलताना पगाराच्या आकड्याबरोबरच तेथील करनियमही तपासून पाहावेत.