अपडेट सुरू असताना कॉम्प्युटर अडकला? बटण दाबण्याआधी हे वाचा

सकाळी साडेनऊला सेवा केंद्राचं शटर उघडलं. बाहेर सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचे फॉर्म घेऊन आठ-दहा माणसं उभी. कॉम्प्युटर चालू केला, तर निळ्या किंवा काळ्या स्क्रीनवर गोल फिरतंय आणि खाली लिहिलंय, अपडेट सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, आकडा तिथंच. मागून कोणीतरी म्हणतं, "अरे, वायर काढून परत लाव ना!"

खरं नुकसान बहुतेक वेळा इथंच होतं. अपडेट अडकल्यामुळे फाइली सहसा जात नाहीत. त्या जातात चुकीच्या वेळी वायर काढल्यामुळे, नाहीतर दुकानात नेऊन न विचारता फॉरमॅट मारल्यामुळे. म्हणून कॉम्प्युटर अडकल्यावर काय करायचं आणि कोणत्या क्रमानं करायचं, ते इथं दिलं आहे. गावाकडच्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये विंडोज 10 किंवा 11 असते, म्हणून माहिती त्याचीच आहे.

आधी ओळखा: अडकलाय की काम करतोय?

अपडेटमध्ये विंडोज जुन्या फाइली बाजूला काढते, नव्या बसवते आणि मधे दोन-तीन वेळा स्वतःच बंद-चालू होते. टक्क्यांचा आकडा सारख्या वेगानं पुढे जात नाही. एकाच आकड्यावर बराच वेळ थांबून मग एकदम पुढे जाणं, हे नेहमीचंच आहे.

तुमच्या मशीनमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर मोठ्या अपडेटला काही तास लागू शकतात. एसएसडी असेल तर काम बरंच लवकर होतं. काम चालू आहे की नाही, हे कळायच्या तीन खुणा:

1. सीपीयूवर किंवा लॅपटॉपच्या कडेला डिस्कचा छोटा दिवा असतो. तो लुकलुकत असेल तर काम चालू आहे. सगळ्या मशीनला हा दिवा नसतो.
2. स्क्रीनवरचे गोल ठिपके फिरत असतील तर थांबा.
3. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन अजून जिवंत आहे.

साधा हिशोब असा ठेवा: एसएसडी असेल तर निदान दोन तास, हार्ड डिस्क असेल तर चार तास. रात्रीची वेळ असेल तर चार्जर लावून सकाळपर्यंत राहू द्या. 'अनडूइंग चेंजेस' असं दिसलं तर घाबरू नका. अपडेट जमलं नाही म्हणून विंडोज मागे फिरते आहे. तेही पूर्ण होऊ द्या.

एका वेळी बटणाला हातसुद्धा लावायचा नाही

कधी कधी विंडोजबरोबर बायोसचं, म्हणजे मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रामचं अपडेटही येतं. तेव्हा विंडोजच्या नेहमीच्या स्क्रीनऐवजी लॅपटॉप कंपनीचा लोगो आणि पॉवर बंद करू नका अशी सूचना दिसते. पंख्याचा आवाजही वाढू शकतो. या वेळी पॉवर गेली तर मशीन पुन्हा चालूच न होण्याचा धोका असतो. चार्जर लावलेला ठेवा आणि लांब बसा.

लाइट गेली तर?

लॅपटॉपला बॅटरी असते, पण डेस्कटॉप यूपीएस नसेल तर जागेवर बंद पडतो. लाइट परत आल्यावर मशीन एकदाच चालू करा आणि त्याला त्याचं काम करू द्या. विंडोज राहिलेलं अपडेट पूर्ण करते किंवा मागे फिरते. लाइट ये-जा करत असेल तर ती स्थिर होईपर्यंत मशीन चालूच करू नका. अर्धवट अवस्थेत पुन्हा पुन्हा बंद पडणं जास्त वाईट.

खरंच अडकला असेल तर असं करा

ठरलेला वेळ संपला, दिवा लुकलुकत नाही, ठिपकेही थांबलेत. आता क्रमानं पुढे जा.

पायरी 1. प्रिंटर, पेनड्राइव्ह, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, नेटचं डोंगल, सगळं काढा. फक्त कीबोर्ड, माउस आणि चार्जर राहू द्या. एखाद्या जोडलेल्या वस्तूच्या ड्रायव्हरपाशी अपडेट अडकलेलं असू शकतं.

पायरी 2. स्क्रीन नुसती काळी असेल तर विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. यानं डिस्प्लेचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. नंतर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून पाहा. मेनू आला तर तिथूनच रीस्टार्ट करा.

पायरी 3. काहीच हलत नसेल तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. मशीन बंद होईल. अर्धा मिनिट थांबून चालू करा. बऱ्याच वेळा एवढ्यावर काम होतं.

पायरी 4. पुन्हा तिथंच अडकलं तर दुरुस्तीच्या मेनूत जायचं. मशीन चालू करा, लोगो दिसला की पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. असं दोनदा केल्यावर तिसऱ्या वेळी चालू होऊ द्या. 'ऑटोमॅटिक रिपेअर' असं येईल. तिथून 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'ट्रबलशूट' आणि पुन्हा 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' असं आत जा.

पायरी 5. या मेनूत कामाच्या चार गोष्टी आहेत. याच क्रमानं करून बघा:

- स्टार्टअप रिपेअर: विंडोज स्वतः बिघाड शोधते.
- अनइन्स्टॉल अपडेट्स: शेवटचं अपडेट काढून टाकते. आधी 'क्वालिटी अपडेट' काढा. विंडोजची नवी आवृत्तीच बसत असताना अडकलं असेल तर 'फीचर अपडेट' काढा.
- स्टार्टअप सेटिंग्ज: यातून रीस्टार्ट केल्यावर यादी येते. 4 दाबलं की सेफ मोड सुरू होतो. त्यात विंडोज गरजेपुरतीच चालते, पण तुमच्या फाइली दिसतात.
- सिस्टिम रिस्टोअर: आधीचा रिस्टोअर पॉइंट असेल तर मशीन त्या दिवसाच्या स्थितीला जाते. तुमचे फोटो आणि फाइली तशाच राहतात, मात्र त्यानंतर टाकलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर जातात.

48 आकड्यांचा नंबर मागतोय, आता?

बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की डिस्कला आपोआप कुलूप लागतं. याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. दुरुस्तीच्या मेनूत गेल्यावर मशीन 48 आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर दुकानदार काय, कोणीच त्या फाइली उघडू शकत नाही.

की मिळवायचा पत्ता त्याच स्क्रीनवर लिहिलेला असतो. तो मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाका, लॅपटॉपला जोडलेल्या ईमेलनं लॉगिन करा, की समोर येईल. लॅपटॉप घेताना दुकानदारानं स्वतःच्या ईमेलनं सेटअप केला असेल, तर की त्याच्या अकाउंटमध्ये असू शकते. म्हणून लॅपटॉप कोणाच्या ईमेलवर चालू आहे हे आजच तपासा आणि की वहीत लिहून ठेवा.

ही की किती लागते ते 19 जुलै 2024 ला जगानं पाहिलं. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज मशीन बंद पडल्या. आपल्याकडच्या विमानतळांवरही हातानं लिहून बोर्डिंग पास द्यावे लागले. अनेक मशीनवर उपाय एवढाच होता की सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. पण जिथं डिस्कला कुलूप होतं, तिथं आधी की शोधावी लागली.

दुकानात नेताना काय सांगायचं?

"फॉरमॅट मारून देतो, तासाभरात या," हे वाक्य ऐकलं की थांबा. फॉरमॅट म्हणजे सी ड्राइव्ह कोरा करणं. डेस्कटॉपवरचे फोल्डर, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळं सहसा सी ड्राइव्हमध्येच असतं. लग्नाचे फोटो, पोराचा प्रोजेक्ट, बचत गटाचा हिशोब, ग्राहकांची कागदपत्रं, सगळं त्यात आलं.

दुकानदाराला स्पष्ट सांगा: "आधी डेटा काढा, मला दाखवा, मग पुढचं." विंडोज चालू होत नसली तरी डिस्क बाहेर काढून, केसिंगमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करूनही फाइली काढता येतात. कुलूप असेल तर की द्यावी लागेल, एवढंच.

विंडोज नव्यानं टाकावीच लागली तर 'रीसेट धिस पीसी' मध्ये 'कीप माय फाइल्स' हा पर्याय आहे का ते आधी विचारा. यात फाइली राहतात, प्रोग्राम मात्र पुन्हा टाकावे लागतात. मराठी टायपिंग, प्रिंटर आणि अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर यांची यादी करून ठेवा.

चालू झाला, आता पुन्हा अडकू नये म्हणून

- जागा करा. सी ड्राइव्ह लाल दिसत असेल तर अपडेट पुन्हा अडकेल. निदान 20 जीबी मोकळी ठेवा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज असं जाऊन टेम्पररी फाइल्स काढा. त्या यादीत डाउनलोड्सवर टिक असेल तर ती आधी काढा, नाहीतर तुमच्या फाइलीही जातील.
- फाइली तपासा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. इंग्रजीत एसएफसी लिहा, एक स्पेस द्या, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ लिहून एंटर मारा. बिघडलेल्या सिस्टिम फाइली विंडोज स्वतः नीट करते.
- घाईच्या दिवसांत अपडेट थांबवा. पीक विमा, शाळा-कॉलेज प्रवेश, परीक्षेचे फॉर्म यांच्या शेवटच्या तारखा जवळ आल्या की सेटिंग्जमध्ये 'पॉज अपडेट्स' करा. एका वेळी पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. गर्दी ओसरली की मात्र अपडेट करून घ्या. कायमचं बंद ठेवलं तर व्हायरसला दार उघडं राहतं.
- मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर त्या वायफायला 'मीटर्ड कनेक्शन' करा. मोठी अपडेट डाउनलोड होऊन दिवसाचा डेटा संपणार नाही.
- बंद करताना बघा. 'अपडेट अँड शट डाउन' दिसत असेल आणि लाइटचा भरवसा नसेल, तर साधं 'शट डाउन' निवडा.
- आठवड्यातून एकदा कामाच्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. कॉपी झाली की ती काढून कपाटात ठेवा.

विंडोज 10 वाल्यांसाठी

विंडोज 10 ची नेहमीची मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. घरगुती वापरासाठी सुरक्षेची वाढीव अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहेत, पण त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. विंडोज 11 ला निदान 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेज आणि टीपीएम 2.0 चिप लागते, शिवाय प्रोसेसरही चालणाऱ्यांच्या यादीत असावा लागतो. जुन्या मशीनवर ती जबरदस्तीनं बसवायच्या फंदात पडू नका.

खोट्या अपडेटपासून सावध

इंटरनेट वापरताना अचानक पूर्ण स्क्रीनवर अपडेट किंवा व्हायरसची सूचना आली आणि त्यात फोन नंबर दिला असेल, तर ती फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. फोन करू नका, कोणाला एनीडेस्कसारखं ॲप टाकू देऊ नका. एस्केप दाबून धरा किंवा ऑल्ट आणि एफ4 दाबा, खिडकी बंद होते. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला आणि आपल्या बँकेला कळवा.

हा लेख मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. कॉम्प्युटर अडकेल तेव्हा वाचायला हातात मोबाइलच असणार आहे. गावातल्या सेवा केंद्रवाल्याला आणि कॉलेजच्या पोरांनाही पाठवा. आणि आज संध्याकाळी एकच काम करा: रिकव्हरी की कुठं आहे ते शोधून वहीत लिहा.