झटपट कॅमेरा

झटपट कॅमेरा किंवा इन्स्टंट कॅमेरा म्हणजे छायाचित्र टिपल्यानंतर काही मिनिटांतच त्याची कागदी प्रत हाती देणारा कॅमेरा होय. पोलरॉइड कंपनीच्या कॅमेऱ्यांमुळे तो प्रसिद्धीस आला. म्हणून अशा प्रत्येक कॅमेऱ्यास व त्यातून निघणाऱ्या फोटोस बोलीभाषेत 'पोलरॉइड' असेच म्हटले जाते. या फोटोची निगेटिव्ह मागे उरत नाही. हाती येणारी प्रत एकमेव असते व बिघडलेली फिल्म पुन्हा वापरता येत नाही. त्यामुळे येथे हाताळणी व निगा यांना साध्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक महत्त्व आहे.

इतिहास

अमेरिकन संशोधक एडविन लँड यांनी २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्क येथे या पद्धतीचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक केले. काढलेला फोटो लगेच का पाहता येत नाही, या त्यांच्या लहान मुलीच्या प्रश्नातून १९४३ साली ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. पहिला कॅमेरा नोव्हेंबर १९४८ मध्ये बॉस्टन येथे विक्रीस आला. आरंभीच्या फिल्मचे दोन थर हाताने सोलून वेगळे करावे लागत. १९७२ च्या एसएक्स-७० या प्रतिमानापासून एकाच बंद पाकिटात पूर्ण होणारी फिल्म प्रचारात आली. डिजिटल छायाचित्रणापुढे टिकाव न लागल्याने पोलरॉइडने २००८ साली फिल्मनिर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले. मात्र नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील कारखाना काही उत्साही मंडळींनी वाचवला आणि तेथे पुन्हा फिल्म तयार होऊ लागली. जपानच्या फुजीफिल्म कंपनीची इन्स्टॅक्स मालिका १९९८ पासून चालू असून भारतात आज प्रामुख्याने तीच आढळते.

महाराष्ट्रात मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाजवळील छायाचित्रकारांचा व्यवसाय या संदर्भात लक्षणीय आहे. पूर्वी ते पर्यटकांचा पत्ता लिहून घेत, रोल धुऊन आणत व फोटो टपालाने पाठवीत. ज्यांच्याकडे पोलरॉइड होता त्यांना फोटो जागेवरच देता येई. पुढे डिजिटल कॅमेरा व सोबत नेता येणारा छोटा प्रिंटर यांनी ते काम अधिक स्वस्तात केले.

कार्यपद्धती

फिल्मच्या पांढऱ्या चौकटीची एक कड जाड असते. तिच्या आत अल्कधर्मी रसायनाची लहानशी पुडी दडलेली असते. कळ दाबल्यावर फिल्म दोन पोलादी रुळांमधून बाहेर ढकलली जाते, पुडी फुटते आणि रसायन थरांमध्ये सारखे पसरते. निळ्या, हिरव्या व तांबड्या प्रकाशाला संवेदनशील असलेल्या थरांतील रंगद्रव्ये त्यामुळे वरच्या थरात झिरपून चित्र उमटते. इन्स्टॅक्स फोटो सुमारे दीड मिनिटात, तर पोलरॉइडचा रंगीत फोटो दहा ते पंधरा मिनिटांत पूर्ण होतो.

पोलरॉइड फिल्मवर प्रकाश ज्या बाजूने पडतो त्याच बाजूने चित्र दिसते. म्हणून बाहेर येताच ती उन्हापासून झाकावी लागते. इन्स्टॅक्सवर प्रकाश मागील बाजूने पडतो, त्यामुळे तेथे ही घाई नसते.

हाताळणी

फिल्मचे पाकीट थेट उन्हात उघडू नये. पेटी कडांनी धरावी आणि तिच्यावरील पिवळी खूण कॅमेऱ्यातील खुणेशी जुळवून बसवावी. झाकण लावल्यावर पहिल्यांदा फक्त काळे संरक्षक आवरण बाहेर येते. इन्स्टॅक्सच्या पेटीत दहा फिल्म असतात. शिल्लक आकडा शून्यावर येईपर्यंत मागचे झाकण उघडू नये. कुतूहलापोटी उघडल्यास आतील फिल्मवर प्रकाश पडून त्या वाया जातात. नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक होणारी चूक हीच.

इन्स्टॅक्स मिनी प्रकारात माणूस साधारणतः ६० सेंमी. ते अडीच मीटर या अंतरात असावा. त्यापलीकडे छोट्या फ्लॅशचा प्रकाश पोहोचत नाही. दर्शिका भिंगाच्या एका बाजूस असल्याने जवळून फोटो घेताना चौकट सरकते व डोके कापले जाते. बोट फ्लॅशवर वा फोटो बाहेर येणाऱ्या फटीवर येऊ देऊ नये.

बाहेर आलेला फोटो हलवण्याची सवय सर्वत्र दिसते. सोलण्याच्या जुन्या फिल्मच्या ओल्या पृष्ठभागासाठी तिला काही अर्थ होता. आजच्या बंद फिल्मला तिचा उपयोग नाही. उलट फोटो वाकल्यास रसायन असमान पसरते. फोटो कापू नये; रसायन हाताला लागल्यास भरपूर पाण्याने धुवावे.

उष्णता व निगा

इन्स्टॅक्स ५° ते ४०° से., तर पोलरॉइड १३° ते २८° से. तापमानात वापरणे योग्य असते. विदर्भात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. वाशीम जिल्ह्यातील जऊळका येथे मे महिन्यात दुपारचे तापमान सहज ४०° से.च्या पुढे जाते. म्हणजे उन्हाळ्याच्या दिवसांत भरदुपारी इन्स्टॅक्सची मर्यादा ओलांडली जाते, आणि पोलरॉइडची तर सकाळीच. अति उष्णतेत पोलरॉइडचे रंग पिवळट-तांबूस होतात, थंडीत ते फिकट व निळसर उमटतात. लग्नसराई नेमकी याच दिवसांत येत असल्याने मांडवात फोटो घ्यावयाचे असल्यास सकाळची वा दिवे लागल्यानंतरची वेळ निवडावी. बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या खोलीत कॅमेरा ठेवू नये. बाहेरगावाहून मागवायची फिल्म शक्यतो एप्रिलपूर्वीच मागवावी, कारण पार्सल वाटेत किती तास तापेल यावर ग्राहकाचे नियंत्रण नसते.

न उघडलेली फिल्म फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवता येते; बर्फाच्या कप्प्यात कदापि नाही. वापरण्यापूर्वी सुमारे तासभर बंद पाकिटातच ती खोलीच्या तापमानास येऊ द्यावी, अन्यथा तिच्यावर दव धरते. कुलरसमोरची किंवा माठाशेजारची जागा थंड असली तरी दमट असते. उघडलेली फिल्म व भिंग यांना ती मानवत नाही. पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरू नये म्हणून कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

फोटोवर ठरावीक अंतराने तेच डाग उमटू लागल्यास रुळांवर रसायन सुकून चिकटले आहे असे समजावे. पोलरॉइडमध्ये हे रूळ झाकण उघडताच दिसतात. किंचित ओल्या सुती कापडाने ते हळूहळू फिरवत पुसावेत. भिंगावरील धूळ आधी फुंकणीने उडवून मगच मऊ कापड वापरावे. थिनर वा स्पिरिट प्लॅस्टिकला अपाय करते. कॅमेरा महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर सुटे सेल काढून ठेवावेत. पोलरॉइडच्या जुन्या ६०० मालिकेतील कॅमेऱ्यांत वीजपुरवठा फिल्मच्या पेटीतील बॅटरीतून होतो. त्यामुळे जुना कॅमेरा बंद वाटल्यास तो टाकून देण्यापूर्वी ताजी पेटी घालून पाहावी.

नवे पोलरॉइड फोटो पूर्ण सुकण्यास काही आठवडे लागतात. तोवर ते हवाबंद अल्बममध्ये घालू नयेत. उन्हाच्या भिंतीवर लावलेला फोटो फिकट होतो. महत्त्वाच्या फोटोचे स्कॅन लवकरात लवकर करून ठेवावे.