मंत्रपुष्पांजलीत गणपतीचे नाव कुठे आहे?

आरत्या संपतात, सगळे हातात फुले-अक्षता घेऊन उभे राहतात आणि मंत्रपुष्पांजली सुरू होते. पहिल्या ओळीला जोर, मधे नुसती पुटपुट आणि शेवटी पुन्हा जोर, हा आपला नेहमीचा क्रम! मीही लहानपणापासून तशीच म्हणत आलो. बदली होऊन जबलपूरला आलो आणि आवाज मोठा म्हणून ती सांगण्याचे काम माझ्याकडेच आले.

काही वर्षांपूर्वी आरतीला आलेल्या एका बिहारी सहकाऱ्याने प्रसाद घेता घेता सहज विचारले, "एवढ्या मोठ्या मंत्रात गणेशजींचे नाव कुठे येते?" मी मनातल्या मनात सगळी म्हणून पाहिली. खरोखरच कुठे नव्हते! मी पडलो डिप्लोमावाला. संस्कृत शाळेत सुटले ते सुटलेच. शेवटी कॉलनीतल्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांकडे काही संध्याकाळी जाऊन बसलो. तिथे जे कळले, ते आपणां सर्वांपुढे ठेवतो.

मंत्रपुष्पांजलीत चार मंत्र एकत्र ओवलेले आहेत. पहिला ऋग्वेदातला, पुरुषसूक्ताचा शेवट त्यानेच होतो. देवांनी यज्ञानेच यज्ञाचे पूजन केले, असा त्याचा आशय. दुसरा तैत्तिरीय आरण्यकातला. त्यात कामना पुरवणाऱ्या वैश्रवणाला, म्हणजे कुबेराला नमस्कार आहे. तिसरा आणि चौथा ऐतरेय ब्राह्मणाच्या आठव्या पंचिकेतले, आणि तिथे विषय आहे राज्याभिषेकाचा!

तिसऱ्या मंत्रातली साम्राज्य, भौज्य, स्वाराज्य, वैराज्य ही रांग मला नुसती शब्दांची आरास वाटायची. ऐतरेय ब्राह्मणात तिचा उलगडा आहे. देवांनी इंद्राला अभिषेक केला त्या कथेत दिशेदिशेची राजसत्ता वेगळ्या नावाची आहे. पूर्वेच्या राजांना साम्राज्यासाठी अभिषेक होतो, ते सम्राट. दक्षिणेला सत्वतांचे भौज्य, तिथला राजा तो भोज. पश्चिमेला स्वाराज्य. उत्तरेला हिमालयापलीकडे उत्तरकुरू आणि उत्तरमद्रांचे वैराज्य. मध्यदेशात कुरू-पांचालांचे साधे 'राज्य'. म्हणजे त्या काळचा राजकीय नकाशाच आपण एका दमात म्हणून जातो. मंत्राच्या शेवटी समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा एकच राजा येतो, तो 'एकराट्'. पुढे 'इति' आल्यावर ऋग्वेदी उच्चाराप्रमाणे दोन स्वरांमधल्या 'ड'चा 'ळ' होतो आणि 'एकराळिति' ऐकू येते. पुष्कळजण ते 'एकरा ळिती' असे तोडतात. त्यात मीही होतो!

चौथ्या मंत्रात अविक्षिताचा पुत्र मरुत्त राजा आहे. संवर्त ऋषींनी त्याला असा अभिषेक केला. त्याच्या घरी मरुद्गण पंगतीत वाढायचे आणि विश्वेदेव सभासद होते. महाप्रसादाला वाढणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावे.

मात्र मला सर्वांत मोलाचे वाटले ते पुष्पांजलीत नाही. तिसरा मंत्र जिथला आहे, तिथे अधिकारांच्या यादीला लागूनच एक शपथ आहे. अभिषेकापूर्वी राजाने पुरोहिताला श्रद्धेने सांगायचे : मी तुझ्याशी द्रोह केला, तर माझ्या जन्माच्या रात्रीपासून मरणाच्या रात्रीपर्यंत मी जोडलेले पुण्य, माझे आयुष्य, माझी संतती तू हिरावून घे. अशी शपथ घेतल्यावरच अभिषेक. आपल्या पुष्पांजलीत यादी आली, शपथ मागे राहिली.

हे ऐकले आणि मला नोकरीतली एक रात्र आठवली. ब्लॉकची वेळ संपत आली होती, कंट्रोलचे फोनवर फोन येत होते. 'ट्रॅक फिट' असे लिहून सही करायला मी पेन काढले, तेवढ्यात एक वयस्क कीमन म्हणाला, "साहेब, त्या जॉइंटचे बोल्ट अजून कसायचे राहिलेत." गाडी वीस मिनिटे लेट झाली, मला बोलणी बसली. पण त्या सहीच्या भरवशावर गाडीत झोपलेली माणसे त्या रुळांवरून जाणार होती. अधिकार सही करण्याचा होता; शपथ त्या कीमनने पाळली.

सहकाऱ्याला उत्तर दिले ते असे : मंत्रपुष्पांजली इतर देवांच्या पूजेतही शेवटी म्हणतात. फुले वाहताना आपण देवालाच राजा मानतो, म्हणून राजाचे मंत्र. तो हसून म्हणाला, "मग प्रजेने काय करायचे?" त्याचे उत्तर मी अजून शोधतो आहे. आपण कोणी मंडळाचे अध्यक्ष, कोणी खजिनदार, कोणी ऑफिसात सही करणारे, कोणी घरातले कर्ते. थोडेथोडे राज्य प्रत्येकाकडे आहेच. यंदा फुले हातात घेतल्यावर यादी म्हणण्याआधी क्षणभर ती राहून गेलेली शपथही मनात म्हणू या.

गणपती बाप्पा मोरया!