डिस्क कॅश

डिस्क कॅश : चुंबकीय चकतीवरील (डिस्कवरील) माहितीच्या प्रती संगणकाच्या मुख्य स्मृतीत तात्पुरत्या ठेवण्याची व्यवस्था. मुख्य स्मृतीतील माहिती सु. एक कोट्यंश सेकंदात मिळते, तर फिरत्या चकतीवरील माहिती मिळण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात. ही तफावत सुसह्य करण्याचे काम परिचालन प्रणालीचा गाभा (कर्नेल) करतो.

इतिहास : मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ॲटलस संगणकात (१९६२) १६,३८४ शब्दांची मुख्य स्मृती आणि चुंबकीय पिंप (ड्रम) मिळून एकच सलग स्मृती भासे. जागा संपल्यावर ५१२ शब्दांचे कोणते पृष्ठ बाहेर काढावे, हे एक आज्ञावली पूर्वीच्या वापरावरून ठरवी. निवड चुकल्यास काढलेले पृष्ठ लगेच परत आणावे लागते. अशा ने-आणीतच संगणकाचा वेळ का खर्ची पडतो, याची मीमांसा पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये केली.

१९७० नंतरच्या दशकात बेल प्रयोगशाळेतील युनिक्स प्रणालीने चकतीवरील ठोकळे स्मृतीत राखून लेखन लांबणीवर टाकण्याची पद्धत रूढ केली. तीमुळे वेग वाढला. परंतु मध्येच वीज गेल्यास न लिहिलेली माहिती नष्ट होण्याचा धोकाही आला.

लिनक्सच्या २.४ या आवृत्तीत (जानेवारी २००१) स्मृतीवर ताण येताच यंत्रे मंदावत असल्याच्या तक्रारी आल्या. म्हणून त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये २.४.१० मध्ये रिक व्हॅन रील यांची व्यवस्था काढून आंद्रेआ आर्कान्जेली यांची घालण्यात आली. स्थिर मानलेल्या आवृत्तीत झालेला हा बदल वादग्रस्त ठरला. पुढे २.६.२८ मध्ये (२००८) फाइलींची पृष्ठे व आज्ञावलींची स्वतःची पृष्ठे यांच्या याद्या वेगळ्या करण्यात आल्या.

दोषनिदान : मोकळी स्मृती अत्यल्प दिसणे हा बहुधा दोष नसतो, कॅशने व्यापलेली बरीचशी जागा मागणी येताच मोकळी करता येते. खरोखर उपलब्ध स्मृतीचा अंदाज देणारा आकडा लिनक्समध्ये २०१४ पासून मिळतो. स्मृती व चकती यांत पृष्ठांची सतत ये-जा होणे हे मात्र खऱ्या टंचाईचे लक्षण होय.

याहून गंभीर प्रश्न २०१८ मध्ये पुढे आला. चकतीवरील लेखन अयशस्वी झाले, तरी लिनक्सचा गाभा ते पृष्ठ लिहिले गेल्याप्रमाणे गणी. परिणामी पुन्हा केलेल्या विनंतीला यशाचे उत्तर मिळे व माहिती नकळत गमावली जाई. त्यामुळे पोस्टग्रेस या माहितीसंचय प्रणालीने २०१९ मध्ये धोरण बदलले. असा दोष आढळताच पुन्हा प्रयत्न न करता ती काम थांबवते आणि नोंदवहीवरून माहिती पुन्हा उभी करते.