घामाची नोंद

गोळी सुरू होण्याआधी मी ऐन मे महिन्यात आईच्या नऊवारीची गोधडी पांघरून झोपायचे. घरातल्यांना पंखा पाचवर हवा असायचा, आणि माझी पावलं बर्फ. मग थायरॉइड कमी असल्याचं निदान झालं. पंचाहत्तरची गोळी शंभरची झाली आणि काही आठवड्यांनी सगळं उलटलं. रात्री तीनच्या सुमाराला जाग यायची ती छातीच्या धडधडीने. मान, कानामागचे केस, उशीचा अभ्रा, सगळं चिंब. दहाच मिनिटांत तो घाम अंगावर गार पडायचा आणि हुडहुडी भरायची. एका दवाखान्यात हे सांगितलं तर "या वयात बायकांना होतंच" एवढंच उत्तर मिळालं. तपासणीही लिहून दिली नाही. ते अजून सलतं.

तेव्हापासून या आजाराचं जुनं मिळेल ते वाचत आले आहे. 1873 मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी प्रौढ बायकांमध्ये दिसलेली एक विचित्र सुस्ती नोंदवली. चेहरा सुजलेला, जीभ जड, हालचाल मंद. पाच वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी त्या आजाराला मिक्सिडीमा हे नाव दिलं. कारण मात्र उघड झालं ते स्वित्झर्लंडमध्ये. बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत कधी कधी सगळी ग्रंथीच काढून टाकत. ते रुग्ण पुढे तसेच सुजले, मंदावले, गारठले. 1883 मध्ये कोखर यांनी हे स्वतःच जाहीर केलं. आपल्या हातून झालेलं असं उघड मांडणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि मग 1891, न्यूकॅसल. पंचविशीतले जॉर्ज मरे. त्यांनी नुकत्याच कापलेल्या मेंढीची ग्रंथी घेतली, तिचे तुकडे ग्लिसरीन आणि कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवले, उकळत्या पाण्यातून काढलेल्या बारीक रुमालात घालून पिळले, आणि तो गढूळ अर्क एका 46 वर्षांच्या बाईच्या पाठीत टोचला. तिचं अंग नेहमी गार असे, कातडी कोरडी, घाम येतच नसे. काही महिन्यांत मरे यांनी लिहिलं की चालताना तिला घाम येतो. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. मी ज्या घामाला घाबरत होते, तोच त्या बाईला जिवंत करून गेला होता. पुढे ती 1919 पर्यंत, वयाच्या 74 व्या वर्षापर्यंत जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या.

उलट बाजूची, ग्रंथी जास्त पेटलेली माणसं त्याआधीच दिसली होती. 1835 मध्ये डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी धडधड आणि गळ्याची गाठ यांची सांगड घातली. त्यांनी वर्णन केलेल्या 20 वर्षांच्या एका तरुणीचा त्रास आधी हिस्टेरियाच समजला गेला होता. बाईने सांगितलेली धडधड तेव्हाही मनाच्या खात्यावर टाकली गेली. 1895 मध्ये बर्लिनच्या मॅग्नुस-लेव्ही यांनी श्वासातला प्राणवायू मोजून दाखवलं की ही ग्रंथी शरीराची चूल कमीजास्त करते. पुढे कित्येक दशकं उपाशीपोटी, निपचित पडून श्वास मोजणं हीच थायरॉइडची मोठी तपासणी होती. रक्तातल्या टीएसएचची तपासणी नंतर आली.

मरे यांच्या टिपणावरून मी एक शिकले. कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायला लागले: रात्री 3, मान ओली, नाडी 104. रात्री 2.40, गाऊन बदलला. पंधरा दिवसांचं ते पान फाडून दुसऱ्या डॉक्टरांसमोर ठेवलं. त्या डॉक्टरबाईंनी चष्मा लावून ते वरून खालपर्यंत वाचलं आणि त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवलं. टीएसएच फार खाली गेलेला निघाला, म्हणजे गोळी जास्त होत होती. गोळी पुन्हा पंचाहत्तरची झाली.

सहा आठवड्यांनंतरच्या चौकोनात एवढंच लिहिलंय: सलग झोप. पहाटे गोधडी ओढून घेतली.